मला कापून टाका

मी एक जुना दोर आहे आणि मला लवकरात लवकर कापून टाकावे, एवढीच माझी मागणी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची गाऱ्हाणी तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. जुनी छत्री म्हणते, मला अडगळीत टाकू नका. जुने घड्याळ म्हणते, मला किल्ली द्या. माझे गाऱ्हाणे उलटे आहे. मला एका माणसाने जिवापाड जपले, आणि त्या जपण्याने दुसऱ्या माणसाचा जीव गेला. ते कसे झाले ते मी सरळ सांगणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

मी आत्ता कुठून बोलतो आहे ते शेवटी सांगेन. आधी सांगितले तर तुम्ही ऐकायला थांबणार नाही, उठून धावाल. धावायचे तर आहेच, पण कशासाठी ते कळून धावा.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बत्तीस रिळे एका यंत्रावर एकमेकांभोवती फेर धरून नाचत होती. त्या नाचातून मी वीत वीत बाहेर आलो. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा, वर हिरवे-पांढरे वेष्टन. हे नीट लक्षात ठेवा. ओझे पेलतो तो गाभा आणि दिसते ते वेष्टन. माझी सगळी कहाणी ह्या दोहोंच्या मधल्या अंधारात घडली.

शंभर हात लांबी झाल्यावर मला यंत्रावरून उतरवले. माझ्याच शेपटाचा एक तुकडा दुसऱ्या यंत्रात घालून तुटेपर्यंत ओढला. तो पाहिजे त्याहून उशिरा तुटला, म्हणून तपासनीस खूश झाला. मग माझ्या टोकाला एक चिठ्ठी शिवली. तिच्यावर माझा क्रमांक आणि जन्मतारीख होती, मी किती वजन पेलतो ते होते, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक सूचना होती. ‘पडणारा माणूस झेलल्यानंतर हा दोर पुन्हा वापरू नये.’ अक्षरे एवढी बारीक का, असे तुम्ही विचाराल. मीही विचारतो. जीव वाचवणारी ओळ नेहमी बारीक अक्षरांतच का छापतात, ह्याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

मला विकत घेतले ते एका झाडकामाच्या ठेकेदाराने. वाऱ्याने मोडलेले, वाळलेले किंवा घरावर कललेले झाड एकदम पाडता येत नाही. खाली छपरे असतात, तारा असतात, माणसे असतात. मग कुणीतरी करवत घेऊन वर चढतो आणि झाड शेंड्याकडून फांदीफांदीने खाली उतरवतो. तो कुणीतरी ज्याच्यावर लोंबकळतो, तो मी.

ह्या कामात दोन दोर असतात. एक माणसाचा, एक लाकडाचा. लाकडाचा दोर जाड, तपकिरी, जागोजागी फाटका. कापलेल्या फांद्या तो धपाधप खाली सोडतो. त्याने माणूस उचलायचा नाही आणि मी लाकूड उचलायचे नाही, हा नियम. आमच्या गाडीतला लाकडाचा दोर मला रोज चिडवायचा, “काय नवरदेव, अंगाला माती लागली नाही ना?” मी त्याच्याशी बोलत नसे. आज त्याची आठवण येते.

आम्ही सगळे दोर मावशीच्या ताब्यात होतो. मावशी म्हणजे भांडार सांभाळणारी बाई. तिचे खरे नाव पगाराच्या दिवशीसुद्धा कुणी घेत नसे. तिचा नवरा चढणारा होता. होता, एवढेच ती सांगायची. तिच्या भांडारात ऊन येत नव्हते. पेट्रोलचा डबा तिथे चालत नव्हता, बॅटरी तर उंबऱ्याच्या आतही नाही. “बॅटरीतलं पाणी दोराला दिसत नाही असं खातं,” ती म्हणायची. “वरून नवरी, आतून राख.”

प्रत्येक दोराचे तिच्या वहीत एक पान होते. आणि टेबलाच्या खणात एक तापवायची सुरी होती. दोराचे दिवस भरले की मावशी त्याचे तुकडे करायची, प्रत्येक तुकडा हातापेक्षा आखूड. कुणी कितीही गाठी मारल्या तरी त्यावर चढता येऊ नये म्हणून. ते तुकडे रोपवाटिकेत जायचे. तिथे रोपट्याला काठीशी बांधायला ते कामी येत. मित्रांनो, आमच्या कुळात ह्याहून चांगले म्हातारपण नाही. आयुष्यभर मोठी झाडे उतरवायची आणि शेवटी एका लहान झाडाला धरून उभे राहायचे. मला ते मिळायचे होते.

सकाळी कामाला निघण्याआधी एक गोष्ट व्हायची. चढणारा माणूस हातमोजे काढायचा, डोळे मिटायचा आणि मला पहिल्या हातापासून शंभराव्या हातापर्यंत बोटांतून सरकवायचा. कुठे गाठ लागते का, कुठे चपटे लागते का, कुठे अंगठा आत जातो का. ह्याला आमच्याकडे नाडी बघणे म्हणत. पाव घटका लागे. त्या वेळात कुणी बोललेले मावशीला खपत नसे. एकदा ठेकेदार फोनवर बोलत आत आला, तर तिने त्याच्याकडे न बघता म्हटले, “बाहेर बोला, साहेब. इथं नाडी बघतायत.” ठेकेदार बाहेर गेला, पण ते त्याच्या ध्यानात राहिले.

माझी नाडी बघायचा तो खार. बुटका, चिवट, बोटे सालीसारखी. झाडावर चढताना माझे शेपूट त्याच्या मागे लोंबायचे म्हणून त्याला खार म्हणत. त्याच्याबरोबर जमिनीवर उभा असायचा तो पाहुणा. हा खारच्या बायकोचा भाऊ. ताईकडे चार दिवस राहायला म्हणून आला, आणि चौथ्या दिवशी दाजींबरोबर कामावर आला तो कायमचाच. चांगला तिशीचा, अंगाने भरलेला, हसला की पोट हलायचे. दोघांचे रोज सकाळी एकच चाले.

“काय पाहुणे, कधी जाताय?”

“निघालोच दाजी. जेवलो की निघतो.”

“चार वर्षं जेवताय.”

“ताई वाढते. तुम्ही वाढलं असतं तर पहिल्याच दिवशी गेलो असतो.”

ते हसायचे आणि कामाला लागायचे. मी त्या दोघांना जोडणारा होतो. वरच्याला काय हवे ते खालच्याला माझ्या हेलकाव्यावरून कळायचे. दोनदा हिसका म्हणजे करवत पाठव. एकदा लांब ओढ म्हणजे थांब, घाम पुसतो आहे.

कामाचे हाल काय होते तेही ऐका. पाच माणसांत हेल्मेट तीन. त्यांतल्या एकाचा पट्टा तारेने बांधलेला. ठेकेदार तास मोजत नसे, झाडे मोजत असे. दिवसाला चार झाडे म्हणजे चार, मग ते झाड पेरूएवढे असो नाहीतर घराएवढे. करवत धरून खारची बोटे दुपारपर्यंत पांढरी पडायची आणि डब्याचे झाकण पाहुण्याला उघडून द्यावे लागायचे. नियमाप्रमाणे खाली असा एक माणूस हवा की वर काही झाले तर तो चढून वरच्याला उतरवेल. पाहुणा हे शिकलेला होता, म्हणून आमच्या टोळीत तो नियम पाळला जायचा. इतर टोळ्यांत खाली कोण असायचे, तर फांद्या गोळा करणारे. ते वर बघून ओरडू शकत होते, बस्स.

आता पहिले पडणे सांगतो.

त्या दिवशीचे ते चौथे झाड होते. सूर्य कलला होता. एक फांदी उरली होती, ती माझ्या बांधलेल्या जागेपेक्षा वर होती. नियम असा की आधी मला वर सरकवून बांधायचे, मग चढायचे. त्याला थोडा वेळ लागला असता. ठेकेदार खाली गाडीचा हॉर्न वाजवत होता. खार मला सैल सोडून तसाच वर गेला. त्याने पाय ठेवला ती फांदी वाळकी निघाली.

तो पडला तेव्हा मी सैल होतो. सैल दोर एकदम ताठ होतो तेव्हा काय होते, ते तुम्हाला कळायचे नाही. एका मोडलेल्या खुंटावर मी वाकलो आणि सगळा माणूस माझ्या त्या एका वाकावर आला. माझ्या आत चटचट आवाज झाला. गाभ्यातले एक तृतीयांश धागे तिथे तुटले. एक्केचाळिसाव्या हातावर. वरचे वेष्टन मात्र शाबूत राहिले. थोडेसे चकाकले, एवढेच.

खार जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर थांबला. त्याचा उजवा खांदा निखळला होता, पण तो जिवंत होता. पाहुण्याने चढून त्याला उतरवले. खाली आल्यावर खारने पहिल्यांदा मला हातात घेतले आणि कपाळाला लावले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले एवढे कौतुक मला तेवढ्या एका दिवशीच मिळाले, आणि त्या कौतुकानेच सगळा घात केला. त्या संध्याकाळी मला भांडारात न नेता घरी नेले. खारची बायको भांडी घासत होती. तिने हात पुसले, मला ओट्यावर ठेवले आणि ओल्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसली. बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, “ह्यानं तुम्हाला घरी आणलं. ह्याला टाकायचं नाही हं.”

“मावशी कापणार उद्या,” खार म्हणाला.

“का?”

“नियम आहे तिचा. ज्यानं माणूस झेलला तो कापायचा.”

“हा काय नियम झाला? जो उपयोगी पडला त्यालाच कापायचं?”

पाहुणा दारात उभा होता. तो म्हणाला, “ताई बरोबर बोलतेय, दाजी. माझ्याबद्दलही तुम्ही हाच विचार करत असाल.” सगळे हसले. खार खांदा धरून हसला.

मी ओट्यावर पडून होतो. माझ्या एक्केचाळिसाव्या हातावर त्या बाईचा तळवा होता. तिला वरचे गुळगुळीत वेष्टन लागत होते.

दुसऱ्या दिवशी मावशीने विचारले, “दोर कुठाय?”

“गेला, मावशी,” खार म्हणाला. “फांद्यांबरोबर भुग्याच्या यंत्रात गेला.”

मावशीने त्याच्याकडे पाहिले. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता, चेहरा उतरलेला होता. एरवी तिने तुकडे दाखवा म्हटले असते. त्या दिवशी तिला तसे म्हणवेना. तिने माझ्या पानावर ‘नष्ट’ असे लिहिले आणि सही केली. झाले. त्या क्षणापासून मी कागदावर मेलो होतो आणि गाडीत जिवंत होतो.

गाडीत म्हणजे चालकाच्या सीटमागे. खारने मला गुंडाळून, त्याच्या जुन्या सदऱ्यात बांधून तिथे लपवले होते. वापरायचे त्याच्या मनात नव्हते. बरोबर असावा, एवढेच. काही लोक खिशात जुनी किल्ली ठेवतात तसे. पण सीटमागे जुनी बॅटरीही ठेवलेली होती, झाकण सैल झालेली. गाडी खड्ड्यातून गेली की तिच्यातून थेंब यायचे. माझे वरचे वेढे कोरडे राहिले. खालचे वेढे ते पाणी पीत राहिले. आठ महिने. सदऱ्याला भोके पडली, तो विरून गेला. मला भोके पडली नाहीत. माझा रंगसुद्धा धड गेला नाही. मावशीचे शब्द मला रोज आठवायचे. वरून नवरी.

एक दिवस ठेकेदार गाडीत काहीतरी शोधत होता. त्याने मला बाहेर ओढले, उलटसुलट केले. वर शिवलेली चिठ्ठी वाचली. म्हणजे क्रमांक वाचला. मग हसला आणि मला होतो तिथे ठेवले. कुणाला काही बोलला नाही. अशी माणसे लगेच बोलत नाहीत. ती साठवून ठेवतात.

खारचा खांदा बरा झाला, पण हात डोक्याच्या वर जाईना. त्यामुळे खार जमिनीवर आला आणि पाहुणा वर गेला. आता टोळीत वर चढून कुणाला सोडवू शकेल असा माणूस खाली उरला नव्हता. मावशीने दोनदा सांगितले, “आणखी एक चढणारा घ्या, साहेब.” ठेकेदार म्हणाला, “बघतो.” मी अजून ऐकतो आहे त्याचे बघणे.

पाहुण्याला नवा निळा दोर मिळाला होता. तो रोज इमानाने त्याची नाडी बघायचा. डोळे मिटून, ओठ हलवत, हात मोजत.

मग ते वादळ झाले. एका दिवसात शहरभर झाडे पडली. दवाखान्याच्या फाटकावर एक साठ-सत्तर फुटी झाड अर्धे मोडून कलले होते. खाली रुग्णवाहिका जायची वाट. ठेकेदाराने एकाच वेळी दोन कामे घेतली. दुसऱ्या टोळीचा दोर तुटका होता, म्हणून निळा दोर त्याने तिकडे पाठवला. सकाळी आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा गाडीत फक्त लाकडाचा दोर होता. आणि सीटमागे मी.

ठेकेदार आला तेव्हा दोघे झाडाखाली उभे होते.

“अजून खालीच का तुम्ही?”

“निळा दोर नाही, साहेब,” खार म्हणाला. “तुम्हीच पाठवला तिकडं.”

“दुसरा आहे ना गाडीत.”

“तो ओझ्याचा. त्याच्यावर माणूस चढत नाही.”

“तो नाही म्हणत मी. सीटमागचा. हिरवा.”

खारने पाहुण्याकडे पाहिले. त्याला वाटत होते, मी कुठे आहे ते फक्त त्याला आणि पाहुण्याला ठाऊक आहे.

“मावशीला फोन लावू का?” पाहुण्याने हळूच विचारले.

“मावशी चढणारे का?” ठेकेदार म्हणाला. “मागच्या गल्लीत रुग्णवाहिका अडकून पडल्यात. एकीत बाळंतीण आहे. तुम्ही दोराचं लग्न लावत बसा. अकराला मी येतो तेव्हा वाट मोकळी पाहिजे.” आणि तो गेला. जाताना त्याने ‘हाच दोर वापरा’ असे म्हटले नाही. हुशार माणूस. पुढे ते त्याच्या कामी आले.

खारने मला बाहेर काढले. पाहुण्याने हातमोजे काढले, डोळे मिटले आणि वरच्या टोकापासून सुरुवात केली. दहा हात. वीस हात. कोरडे वेढे, सगळे ठीक. गल्लीतून भोंगा वाजत होता. पाहुण्याच्या ओठांवर तीस आले. पस्तीस आले. मी माझा सगळा जीव एक्केचाळिसाव्या हातावर आणून ठेवला होता. तिथे त्याचा अंगठा आत गेला असता. पिकलेल्या फळात जातो तसा.

अडतिसाव्या हातावर खार म्हणाला, “ह्याची काय नाडी बघताय, पाहुणे? ह्यानं माझी नाडी चालू ठेवली.”

पाहुण्याने डोळे उघडले आणि तो हसला. पोट हलवून हसला. “तेही खरं, दाजी,” म्हणाला आणि त्याने उरलेला मी जमिनीवर सोडून दिला.

तीन हात राहिले होते, मित्रांनो. तीन.

खारने ते वाईट मनाने म्हटले नव्हते. त्याला खरेच वाटत होते की जगातला सगळ्यात भरवशाचा दोर मी आहे. आपल्या मेव्हण्याला आपल्याकडचे सगळ्यात चांगले द्यावे, असे त्याच्या मनात होते. ज्या दोराने मला झेलले तो ह्यालाही झेलेल. झाडकामातल्या माणसांचीच ही चूक. जो दोर एकदा तुम्हाला मरणातून ओढून आणतो, त्याने ते मरण स्वतःच्या पोटात घेतलेले असते. त्याच्यावर दुसऱ्यांदा हक्क सांगता येत नाही.

त्यांनी मला उंच बेचक्यातून ओवले. एक बाजू बुंध्याला बांधली, दुसरी पाहुण्याच्या कंबरपट्ट्यावरच्या सरकत्या पकडीत अडकवली. मोजून एक्केचाळिसाव्या हातावर मी त्या बेचक्यात वळलो. चढण्याआधी दोघांनी मिळून माझ्यावर लोंबकळून पाहिले, ही रीत. मी ते वजन पेलले. का पेलले, असे मी स्वतःला रोज विचारतो. तेव्हाच तुटलो असतो तर दोघे फूटभरावरून ढुंगणावर आपटले असते आणि हसले असते.

पाहुणा वर गेला. झाडाचा शेंडा उतरवला. दोन मोठ्या फांद्या उतरवल्या. काम चांगले चालले होते. फाटकात उभे राहून लोक बघत होते. करवत चालवताना त्याच्या कमरेचा आखूड पट्टाही खोडाभोवती असायचा, म्हणजे दोन ठिकाणी बांधलेला. एका फांदीवरून दुसरीवर जाताना तो पट्टा सोडावा लागतो. तेवढे चार श्वास माणूस नुसत्या दोरावर असतो.

त्याने पट्टा सोडला. एकदा लांब ओढ दिली. थांबा, घाम पुसतो आहे.

खार खालून म्हणाला, “पाहुणे, जेवून निघायचंय ना आज?”

“आज मुक्काम करतो, दाजी.”

आणि मी तुटलो. आवाज फार झाला नाही. कुणी कापड फाडावे तेवढा.

एक्केचाळीस हात मी त्याच्याबरोबर गेलो. एकोणसाठ हात मी खोडाच्या दुसऱ्या बाजूने घसरत बुंध्याशी येऊन पडलो, त्यामुळे सगळे मला जवळून दिसले. दवाखाना वीस पावलांवर होता. डॉक्टर धावत आले. ते आले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. खार त्याच्याजवळ बसून होता. त्याने पाहुण्याच्या मनगटावर बोटे ठेवली होती आणि डोळे मिटले होते. सकाळी दोराची बघतात तशी तो नाडी बघत होता. त्याचे ओठ हलत होते. तो हात मोजत होता.

अकराला ठेकेदार आला. वाट मोकळी नव्हती.

मग चौकशी झाली. एका लांब टेबलामागे तीन माणसे बसली. मी टेबलावर, पिशवीत, क्रमांक लावलेला. मला कुणी काही विचारले नाही. खारला विचारले.

“दोर तुम्ही लपवलात?”

“हो.”

“नष्ट झाला असं खोटं सांगितलंत?”

“हो. पण साहेबांना माहीत होतं तो कुठाय. त्यांनीच सांगितलं की—”

“विचारलं तेवढंच सांगा.”

मावशी वही घेऊन आली होती. तिने माझे पान उघडून समोर ठेवले. “इथं माझी सही आहे,” ती म्हणाली. “तुकडे न बघता मी नष्ट लिहिलं. तेही लिहून घ्या. आणि हेही लिहा की दुसरा चढणारा मागितला होता, दोनदा. आणि एक दोर दोन टोळ्यांना दिला होता.” मग तिने तिची सुरी टेबलावर ठेवली. “हा दोर माझ्या ताब्यात द्या. कापून टाकते.”

“पुरावा आहे, बाई. प्रकरण मिटल्यावर बघू.”

अहवालात एक ओळ आली. कामगारांनी भांडारातून बाद झालेला दोर परस्पर वापरला, कामगारांचा निष्काळजीपणा. ठेकेदाराला दुसऱ्या महिन्यात नवे काम मिळाले.

आता माझा अहवाल ऐका. मी दोर आहे, मला कुणाच्या बापाची भीती नाही. खार चुकला, त्याने कबूल केले आणि ते तो रोज भोगतो. त्याची बायको त्याच्याशी बोलते, पण ताट वाढताना आजही तिचा हात तिसऱ्या ताटाकडे जातो. मावशी चुकली, तिने सही करून चूक लिहून दिली. ज्याने हॉर्न वाजवला, ज्याने हेल्मेट तीन दिली, ज्याने माझी चिठ्ठी वाचून हसून मला परत ठेवले आणि ज्याने योग्य वेळी योग्य शब्द गिळला, त्याची चूक कुठल्याच कागदावर नाही. त्याच्याकडे निष्काळजीपणा कसा असेल? त्याने तर सगळी काळजी घेतली होती. स्वतःची.

प्रकरण मिटले. मावशीने दोन अर्ज केले, माझ्यासाठी. तिसऱ्या वेळी ती स्वतः आली, तर संबंधित माणूस जागेवर नव्हता. मी होतो त्या चौकशी कार्यालयातल्या कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कपाटावरच असायची. गेल्या आठवड्यात कार्यालयाची साफसफाई निघाली. तिथल्या शिपायाने खालचा खण उपसला. माझा छोटा तुकडा, ज्याच्यावर डाग होते, तो त्याने कचऱ्यात टाकला. मला मात्र त्याने खिडकीपाशी नेले. हाताने ताणून पाहिले. तो चांगला माणूस आहे. त्याचे मन मला कळते. एवढा चांगला दोर फेकायचा म्हणजे काय.

“नवाच आहे की,” तो म्हणाला. “पोरांना झोपाळा होईल.”

मित्रांनो, मी आत्ता तिथून बोलतो आहे.

एक लहान अंगण आहे. त्यात एक जुने झाड आहे, आडवी जाड फांदी असलेले. फांदीखाली दगडी फरशी आहे. शिपायाने मला फांदीवरून दोन पदरी टाकले, गाठी मारल्या, खाली फळी बसवली. गाठी पक्क्या मारल्या आहेत, त्यात खोट काढायला जागा नाही. त्याची बायको मला धरून उभी होती. तिचा अंगठा माझ्यावरून फिरत होता आणि एका ठिकाणी थांबला. बॅटरीचे पाणी प्यालेला तो माझा एक वेढा. तसे माझ्यात दर चार हातांवर आहेत.

“अहो, इथं मऊ लागतंय,” ती म्हणाली.

“दोर आहे तो. मऊच असायचा.”

ती पुन्हा एकदा तिथेच अंगठा दाबते आहे. घरातून भांडणाचा आवाज येतो आहे, आधी कोण बसणार ह्याचे. तुमच्यातल्या कुणाच्या अंगणात परवा-तेरवा हिरवा-पांढरा दोर आला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. हातमोजे नसतीलच, डोळे मिटा. पहिल्या हातापासून सुरू करा. मध्ये कुणी हसवले तरी थांबू नका. अंगठा आत गेला की मोठ्या माणसाला हाक मारून सुरी मागा.

आणि तुकडे हातापेक्षा आखूड करा. उरला एखादा, तर त्या झाडाच्या सावलीत एखादे रोपटे असेल, वाऱ्याने कलणारे. त्याला काठीशी बांधायला तेवढा मी पुरे.

दार उघडले. ते धावत येत आहेत.